किपलिंगची शाळा: चाळीतलं कॉलेज

‘जंगल बुक’ लिहिणारा रुडयार्ड किपलिंग शिकला ती शाळा अजून चालते का? नाही, कधीच बंद झाली. नाव युनायटेड सर्व्हिसेस कॉलेज, गाव इंग्लंडच्या डेव्हनमधलं वेस्टवर्ड हो! (उद्गारचिन्ह माझं नाही, गावाच्या नावातच आहे.)

१८७४ साली लष्करी अधिकाऱ्यांनीच ती काढली. नामांकित शाळांची फी पगारात बसेना, आणि पोरांना लष्कराच्या प्रवेश परीक्षेला तर बसवायचं होतं. नवी इमारत वगैरे काही नाही. समुद्रासमोर बारा घरांची चाळवजा रांग होती, तीच घेतली आणि सगळी घरं एका लांबलचक बोळाने जोडून टाकली. मुंबईत जन्मलेला किपलिंग १८७८ ला, बारा वर्षांचा असताना, तिथे दाखल झाला. डोळे इतके अधू की सैन्याचा प्रश्नच नव्हता. हेडमास्तर कॉर्मेल प्राइसने मग त्याला स्वतःची पुस्तकं मोकळी करून दिली आणि शाळेचं मासिक त्याच्या हाती सोपवलं.

नंतर पैशांची ओढाताण. शाळा १९०४ ला हार्पेंडनला हलली, १९०६ ला विंडसरला, आणि १९४२ ला हेलिबरी नावाच्या दुसऱ्या शाळेत विलीन. गंमत म्हणजे हेलिबरीच्या त्याच आवारात १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीचं कॉलेज होतं. आपल्याकडे येणारे गोरे साहेब तिथे संस्कृत-फारसी घोकायचे. आणि १९४७ चे ब्रिटनचे पंतप्रधान अ‍ॅटली? तेही हेलिबरीचेच विद्यार्थी!

बारा घरांची ती रांग मात्र अजून उभी आहे. आता तिला किपलिंग टेरेस म्हणतात.