बक्षिसाचा आकडा मोठा करा म्हणे! अन् खबर देणाऱ्याचं काय?

कोरचीकडला: काल एका भाऊंनी इथं लिहिलं, ‘हाफिज सईदवर अमेरिकेनं 1 कोटी डॉलर लावले. आपणही असे आकडे लावा, लोकच अतिरेकी धरून देतील. गडचिरोलीतले लोक घाबरट, म्हणून नक्षली इतकी वर्षं टिकले.’

घाबरट वाचलं अन् डोकं फिरलं. भाऊ, एप्रिल 2012 मध्ये ते बक्षीस जाहीर झालं आणि लगेच सईद रावळपिंडीत पत्रकार परिषद घेऊन बसला, मी इथंच आहे म्हणाला. मग अमेरिकेला सांगावं लागलं, पत्ता नको, कोर्टात टिकेल असा पुरावा द्या. इकडं नक्षली नेता मिलिंद तेलतुंबडेवर 50 लाख होते. ती बातमी सगळ्यांना माहीत होती. पण ‘पोलीस खबरी’ अशी चिठ्ठी ठेवून रस्त्यावर टाकलेली माणसंही सगळ्यांना माहीत होती. त्यांच्यातल्या कितींनी खरंच खबर दिली होती? नुसता संशय पुरायचा. 50 लाख घेऊन माणूस राहणार कुठं? दारात नवी मोटरसायकल दिसली तरी संपला.

वणीवाला: रडगाणं पुरे करा दादा. 1993 ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बॉम्ब लावणारा रमझी युसुफ 1995 ला इस्लामाबादेत सापडला तो खबऱ्यामुळंच. सद्दामची दोन पोरं 2003 ला मोसुलात गाठली, खबऱ्याला 3 कोटी डॉलर मोजले. पैसा बोलते.

पांदणरस्ता: डॉलर ठेवा बाजूले. मी रेतीच्या ट्रॅक्टरची खबर देल्ली होती. साहेब म्हणे, नाव गुप्त राहीन. सांजच्याले ट्रॅक्टरवाल्याचाच फोन, ‘काऊन बे, लय समाजसेवा सुचली?’ माह्या वावरातला पाइप फोडला तो अलग. रेतीवाल्यापासून नाव लपत नाही, अन् तुम्ही बंदूकवाल्याच्या गोष्टी सांगून रायले.

घरकुल क्र. 2: तुमच्या खबरीनं आमची घरकुलं अडली ना राजेहो! 5 ब्रास रेती फुकट म्हणतात, घाटावर जाऊन पाहा कोण देते. ट्रॅक्टरवाला होता म्हणून माझा स्लॅब पडला.

पांदणरस्ता: म्हणजे चोराचा वकील! नदी उकरून विहिरी कोरड्या पाडल्या, ते दिसत नाही तुले?

घरकुल क्र. 2: तुमची स्वतःची माडी कोणत्या रेतीची हो? पावती टाका इथं.

वणीवाला: अरे विषय काय, चाललंय काय!

कोरचीकडला: विषय हाच आहे. ट्रॅक्टरची खबर देणाऱ्याचं नाव फुटतं तिथं कोण तोंड उघडेल? लादेनवर 2.5 कोटी डॉलर होते. सापडला तो निरोप्याचा माग काढून. सीआयएला मदत करणारा डॉक्टर आफ्रिदी 2011 पासून पाकिस्तानी तुरुंगात आहे. अन् नक्षल्यांचा बडा नेता भूपती? कोट्यवधींचं बक्षीस डोक्यावर घेऊन ऑक्टोबर 2025 मध्ये गडचिरोलीत स्वतःच शरण आला, सोबत 60 जण.

वणीवाला: स्वतःच, हो! जवान काय जंगलात तेंदूपत्ता तोडत होते? शिवाय बक्षीस लागलं की सोबतच्यांवरचा भरवसा तुटतो, हे तुम्ही गाळता. बरं, नाव फुटू नये एवढं तुमचं मान्य. घ्या, जिंकलात, हार पाठवू का?

कोरचीकडला: हार नको. ‘घाबरट’ लिहिणाऱ्या भाऊंना बोलवा, कालपासून गायब आहेत.

घरकुल क्र. 2: आणि पावती?