धाप लागलेल्या माणसाला दवाखान्यात पोचेपर्यंत कसं सांभाळायचं? सल्ला हवा

द्राक्षमळा: नमस्कार मंडळी. आमचं गाव दिंडोरी तालुक्यात, वणी रस्त्यापासून बरंच आत. रात्री कुणाला धाप लागली की १०८ ची गाडी येईपर्यंत घरात नुसती धावपळ. एक जण पाणी पाजतो, दुसरा आडवं झोपवतो, तिसरा छातीला बाम चोळतो. आता तरुण मंडळाने वर्गणी जमवली आहे. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं यंत्र) घ्यावा की ऑक्सिजनचा सिलिंडर? आणि धोका ओळखायचा कसा? बिडीमुळे माझ्या सासऱ्यांना सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार) आहे, म्हणून मनापासून विचारतेय.

सिन्नरकर: सिलिंडर घ्या. लाईट गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे मिनिटाला ५ लिटरने ५ तास. चावी आणि फ्लोमीटर (मिनिटाला किती लिटर सोडायचा ते ठरवणारा नळ) त्यालाच बांधून ठेवा. जवळ दिवा, बिडी नको, व्हॉल्व्हला तेलाचा हात नको.

रात्रपाळी: ताई, मी ॲम्ब्युलन्सवर काम करतो. सिलिंडर घ्याच, पण आधी मंडळातल्या पोरांना माणूस बघायला शिकवा.

पहिलं म्हणजे त्याला बोलतं करा. पूर्ण वाक्य बोलतोय की दोन शब्दांवर दम घेतोय? मग त्याच्या नकळत ३० सेकंद श्वास मोजा आणि दुप्पट करा. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० असतात, तिशीच्या वर गेले तर थांबायला वेळ नाही. गळ्याच्या शिरा ताणल्यात का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय का, गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसलाय का, हे सगळं टॉर्चच्या उजेडातही दिसतं. ओठ निळे पडायची वाट बघू नका, ते फार उशिरा होतं.

सगळ्यात घातक वेळ घरच्यांना बरी वाटते. तासभर धापणारा माणूस शांत होतो, डोळे मिटतो, छातीतली शिट्टी थांबते. घरचे म्हणतात, झोप लागली. खरं तर तो थकलेला असतो, हवा आत जातच नसते. हलवून बघा. गुंगीत असेल तर १०८ ला परत फोन करून नेमकं तेच सांगा. श्वास थांबला तर छातीवर दाब द्यायला लागा, ते सगळ्या पोरांना यायला हवं.

रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का दाखवणारं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ठेवा, पण त्याच्यावरच विसंबू नका. बोटं गार असली, नखाला रंग असला तर आकडा चुकतो. बंद खोलीत शेगडीचा धूर कोंडला असेल तर आकडा चांगला दिसतो आणि माणूस मरणाच्या दारात असतो.

सासऱ्यांना ताठ बसवा, पाय खाली सोडून. घोटभरही पाणी नको. त्यांचा निळा पंप (साल्ब्युटामॉल) स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी) द्या: एक दाब, चार श्वास, असं चार वेळा. चार मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा तेच. सीओपीडीवाल्याला ऑक्सिजन बेताने, नाकातल्या नळीने १-२ लिटर. आकडा ८८ ते ९२ पुरे, ९९ करायला जाऊ नका. पण निळा पडत असेल तर बेताचा विचार सोडून द्या, ऑक्सिजन वाढवा.

आणि तुमच्याकडे द्राक्षांची फवारणी असते म्हणून मुद्दाम लिहितो. फवारून आलेल्याला धाप लागली, तोंडातून लाळ, अंगभर घाम, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तर तो दमा समजू नका. औषध अंगात भिनलंय. हातमोजे घालून कपडे उतरवा, साबणाने धुवा, उलटी करवू नका, औषधाचा डबा सोबत द्या. त्यावर उतारा म्हणून अॅट्रोपिन लागतं, ते दवाखान्यातच.

पंचवटीची_आई: तान्ह्यांचंही लिहा ना. घशात शेंगदाणा अडकला तर?

रात्रपाळी: रडत-खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच बंद झाला तर वर्षाच्या आतल्या बाळाला डोकं खाली करून पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ दाब. तुकडा निघेपर्यंत आलटून पालटून. वर्षावरच्याला छातीऐवजी बेंबीच्या वर, आत-वर असे ५ झटके. न दिसणारा तुकडा बोट घालून शोधू नका, आणखी आत जातो.

द्राक्षमळा: फार आभार दादा. स्पेसर तालुक्याला मिळेल का?

रात्रपाळी: मेडिकलमध्ये विचारा. मिळेपर्यंत अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली धुऊन घ्या, बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं घट्ट भोक पाडा, बाटलीच्या तोंडाने श्वास ओढायला सांगा. आजच सासऱ्यांकडून एकदा करून घ्या, रात्री शोधाशोध नको.