निजामशाही आणि आदिलशाहीने पोर्तुगिजांचे कार्ताझ का स्वीकारले?

प्रश्न:
रेवदंड्याचा कोट पाहिल्यापासून एक शंका मनात घर करून आहे. चौलजवळचा हा कोट बांधण्याची परवानगी १५२१ च्या सुमारास खुद्द बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगिजांना दिली. जमिनीवर एवढा बलाढ्य असलेल्या सुलतानाने आपल्या रयतेच्या गलबतांना पोर्तुगिजांकडून कार्ताझ, म्हणजे सागरी परवाना, का घेऊ द्यावा? हा निव्वळ नाइलाज होता का?

प्रतिसाद १:
नाइलाज होताच, पण तेवढाच नव्हता. या राजवटींचा जीव जमीनमहसुलात आणि घोडदळात होता. चांगला घोडा मात्र अरबस्तान आणि इराणहून इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदरामार्गे येई. १५१० मध्ये गोवा आणि १५१५ मध्ये होर्मुझ पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कच्या हाती गेल्यावर या वाटेची दोन्ही टोके पोर्तुगिजांकडे आली, आणि घोडे आपल्याला मिळावेत, शत्रूला मिळू नयेत, यासाठी विजापूर काय किंवा विजयनगर काय, दोघांनाही गोव्याशी बोलणी करणे भाग पडले. १५४७ च्या तहात विजयनगरच्या सदाशिवरायाने नेमके हेच कलम पदरात पाडून घेतले.

कार्ताझचा मजकूरही पाहण्याजोगा आहे. गलबताचे आणि नाखव्याचे नाव, तोफा, कुठून कुठे जाणार, हे सारे त्यात लिहिलेले असे; मिरीसारखा माल वाहण्यास मनाई असे आणि पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरावी लागे. परवान्याची फी किरकोळ होती, खरी कमाई जकातीची. म्हणूनच सुलतान तहांमध्ये आपल्या जहाजांसाठी काही कार्ताझ विनामूल्य मागून घेत.

प्रतिसाद २:
'बोलणी' या शब्दाने बळजबरी झाकली जाते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ही व्यवस्था मनापासून मान्य असती, तर १५७० मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलला, म्हणजे रेवदंड्याच्या याच ठाण्याला, आणि अली आदिलशहाने गोव्याला एकाच वेळी वेढा घातला नसता. कालिकतचा राजा झामोरिनही त्यांच्या बाजूने उतरला आणि चालियमचा पोर्तुगीज कोट त्याने घेतलाही. चौल आणि गोवा मात्र पडले नाहीत, कारण समुद्राकडून रसद आणि कुमक पोहोचतच राहिली. अखेर दोन्ही सुलतानांना तह करावा लागला.

प्रश्नकर्ता:
दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. पण कार्ताझ घेतल्यावर तरी जहाज सुरक्षित राही का?

प्रतिसाद १:
नेहमी नाही. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचे 'रहीमी' हे जहाज कार्ताझ जवळ असूनही सुरतेजवळ पकडले गेले. मोगलांकडे तोडीचे आरमार नव्हते, म्हणून जहांगीरने उत्तर जमिनीवरून दिले: पोर्तुगिजांचा व्यापार बंद केला, आग्र्यातले चर्च बंद पाडले आणि दमणला वेढा घातला. १६१५ मध्ये समेट झाला, पण तोवर सुरतेत इंग्रजांचे पाय रोवले गेले होते.