न विचारता बसणारी नवी आवृत्ती: ‘नको’ हा पर्याय का नसतो?

प्रश्न:
अर्धवट अहवाल उघडा ठेवून मी रात्री उठलो आणि सकाळी पाहतो तर संगणकाने परवानगी न घेताच कार्यप्रणालीची नवी आवृत्ती बसवून घेतली होती. जुना प्रिंटरही आता ओळखला जात नाही. ‘नंतर आठवण करा’ असे बटण असते, मग ‘नको’ असे का नसते?

उत्तर १:
आपली नाराजी रास्त आहे. २०१६ मध्ये विंडोज १० च्या सूचनेतील फुलीवर क्लिक केले, तरी आधी ठरलेले अपग्रेड रद्द होत नसे. फुलीलाच होकार समजणे हा माझ्या मते निव्वळ उद्धटपणा होता.

उत्तर २:
तरीही सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी आवृत्ती या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्यात, कारण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती विंडोजच्या त्या वेळी दुरुस्त्या मिळत असलेल्या आवृत्त्यांसाठी मार्चमध्येच आली होती. सक्ती पहिलीपुरती समजू शकतो, दुसरीची नाही.

उत्तर ३:
प्रणाली कोणती ते आपण लिहिलेले नाही. विंडोज असल्यास सेटिंग्जमधून मागील आवृत्तीकडे परतता येते, मात्र त्यासाठी सहसा १० दिवसांचीच मुदत असते. आधी प्रिंटरचा नवा ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटर वापरू देणारा प्रोग्राम) मिळतो का, ते पाहावे.