फरगाना १९८९: सुटका की दुसरी हद्दपारी?

पूर्वरंग:
जून १९८९ मध्ये उझबेकिस्तानच्या फरगाना खोऱ्यात मेस्खेती तुर्कांची घरं जाळली गेली, शंभरावर माणसं मेली. सोव्हिएत लष्कराने सुमारे १७,००० तुर्कांना विमानांनी मध्य रशियात हलवलं. याला सर्रास 'सुटका' म्हणतात. माझ्या मते ती दुसरी हद्दपारी होती. नोव्हेंबर १९४४ मध्ये स्टालिनने याच समाजाला जॉर्जियाच्या सीमाभागातून मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात पाठवलं. १९५६ मध्ये कमांडंटकडची, म्हणजे हद्दपारांवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडची, सक्तीची हजेरी बंद झाली, पण गावी परतायची परवानगी मिळाली नाही. आणि १९८९ मध्ये विमानं कुठे गेली? स्मोलेन्स्क, कुर्स्क, बेल्गोरोद. मेस्खेतीकडे, म्हणजे जॉर्जियातल्या त्यांच्या मूळ सीमाभागाकडे, नाही.

सरळरेघ:
साफ असहमत. दंगल खोऱ्यातल्या कोकंद शहरापर्यंत पोचली होती, माणसं लष्करी छावणीत जीव मुठीत धरून बसली होती. त्यांना परत कोणाच्या भरवशावर पाठवायचं? उझबेक पक्षप्रमुख निशानोव तर बाजारातल्या स्ट्रॉबेरीवरून भांडण पेटलं, असं सांगत होते. त्या घडीला विमान हाच एक मार्ग होता.

नोंदवही:
खरी मेख प्रोपिस्कामध्ये आहे, म्हणजे पासपोर्टवरच्या रहिवासाच्या शिक्क्यात. सरकारने नेलेल्यांना तो मिळाला. विमानांनंतर आणखी हजारो कुटुंबं स्वतःच उझबेकिस्तान सोडून निघाली. त्यातली बरीचशी दक्षिण रशियातल्या क्रास्नोदार प्रांतात थांबली, कारण तिथून जॉर्जिया जवळ. तिथल्या प्रशासनाने शिक्काच नाकारला. शिक्का नाही म्हणून रीतसर नोकरी नाही, घर नावावर होत नाही, लग्नाची नोंद होत नाही. पुढे रशियाच्या कायद्याने ६ फेब्रुवारी १९९२ रोजी रशियात कायम राहणाऱ्या सोव्हिएत नागरिकांना नागरिकत्व दिलं. क्रास्नोदारने 'कायम राहणारे' याचा अर्थ 'शिक्का असलेले' असा लावला, आणि हजारो माणसं कोणत्याच देशाची उरली नाहीत. २००४ पासून अमेरिकेने त्यांतल्या ११,००० हून अधिक जणांना नेलं.

सरळरेघ:
म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरतं. विमानाने गेलेले वाचले, कागदानिशी वाचले. दोष क्रास्नोदारचा.

पूर्वरंग:
वाचले, हे मान्य. पण हल्ला करणारे खोऱ्यात राहिले आणि ज्यांची घरं जळली त्यांनाच उचललं. छावणीत बसलेल्या माणसाला कुठे जायचं हे कोणी विचारलं नाही. जॉर्जियाने परतीचा कायदा केला तो थेट २००७ मध्ये. त्यातही १९४४ च्या हद्दपारीचा पुरावा अर्जदारानेच आणायचा, तोही ठरल्या मुदतीत. अर्ज सहा हजारांच्या आतच आले. दोनदा उठवलेल्या घरात तो कागद कुठे टिकणार?