दिवाळीपासून उभा असलेला मिनी ट्रॅक्टर: कामाला लावण्याआधी काय काय बघायचं?

आसनगाव_दीड_एकर

नमस्कार मंडळी. राहायला ठाण्यात, जागा शहापूर तालुक्यात, आसनगावपासून थोडी आत. निम्म्यात भातखाचरं, बाकी आंबा-काजू आणि घराभोवतीचं आवार. २४ एचपीचा फोर व्हील मिनी ट्रॅक्टर आणि चार फुटी रोटाव्हेटर आहे. दिवाळीनंतर दोन्ही पत्र्याच्या शेडमध्ये उभे आहेत. होळी झाली, आता पावसाळ्याआधीची कामं काढायची: कंबरभर वाळलेलं गवत, कुंपणालगतची घाणेरी, भाताची धसकटं आणि आंब्याचे दहा-बारा खड्डे.

तीन शंका आहेत.

१) वर्षभरात मीटर जेमतेम ६० तास पुढे सरकलाय. पुस्तकात इंजिन ऑइल २५० तासांनी लिहिलंय. मग आत्ता बदलायचं की नाही?

२) गेल्या हंगामात ट्रॅक्टर पंधरा-वीस मिनिटं व्यवस्थित चालून आचके देत बंद पडायचा. जरा थांबलं की पुन्हा सुरू. डिझेल फिल्टर नवा टाकला, तरी तेच.

३) रोटा उचलला की पीटीओकडून (ट्रॅक्टरच्या मागचा, रोट्याला फिरवणारा शाफ्ट) खटखट येते. क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला चार टोकांचा तुकडा) गेला असं धरायचं का?

पाना_१७_१९

ऑइल बदला. पुस्तकात तासांच्या शेजारी बहुधा "किंवा वर्षातून एकदा" असंही लिहिलेलं असतं, तेवढं नजरेतून सुटतं. कमी चालणाऱ्या इंजिनाचं ऑइल जास्त लवकर बिघडतं. दहा मिनिटं सुरू करून बंद केलेलं इंजिन पुरतं तापत नाही, आत साचलेली वाफ उडून जात नाही, आणि ते पाणी ज्वलनातल्या आम्लासकट ऑइलमध्येच राहतं. त्यात आपल्याकडची पावसाळी हवा. १५डब्ल्यू४० डिझेल इंजिन ऑइल घ्या, ग्रेड आणि लिटर पुस्तकातले. इंजिन पाच-सात मिनिटं चालवून कोमट करा, मग नट सोडा. थंड ऑइल गाळ तळाशीच ठेवून निघतं. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवा, रबर टेकल्यावर हाताने अर्धा ते पाऊण फेरा, बस. पट्टा-पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वर्षी छिन्नीने काढावा लागतो.

पण त्याआधी, म्हणजे पहिल्यांदा सेल्फ मारण्याच्याही आधी:

बॅटरी. मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली असेल तर सेल्फ मारूच नका, आधी चार्ज करा. अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ५० एएचच्या बॅटरीला ५ अँपिअरने, दहा-बारा तास. झाकणाची बॅटरी असेल तर प्लेटा बुडून वर साधारण १० मिमी डिस्टिल्ड वॉटर हवं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा कालवून धुवा, मात्र ते पाणी सेलमध्ये जाता कामा नये. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी संपली, चार्जरने काही होणार नाही. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर थांबा.

उंदीर. बॉनेट उघडून वायरिंगवर हात फिरवा, एअर क्लीनरच्या डब्यातही बघा. ड्राय एलिमेंट असेल तर हवा आतून बाहेर मारायची, प्रेशर दोन बारच्या आत. धुवायचा नाही. रेडिएटरची जाळीही पंख्याच्या बाजूने पुढे झटका. बाहेरून पाइप मारलात तर गवताचं कुसळ आणखी आत रुततं. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर १०-१२ मिमी दबावा.

आता दुसरी शंका. फिल्टर नवा, पंधरा मिनिटांनी बंद, थांबलं की चालू: या लक्षणात मी सगळ्यात आधी डिझेल टाकीच्या झाकणावर संशय घेईन. झाकणात हवा आत येण्यासाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की डिझेल उतरतं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंप ओढूनही डिझेल येत नाही. उभ्या ट्रॅक्टरवर हा उद्योग कुंभारमाशीचा. तिला सहा-आठ मिमीचं भोक दिसलं की त्यात चिखल भरून अळीसाठी कोळी कोंबते, वरून लिंपून टाकते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं धूळच बसलीय. झाकणाच्या बारीक भोकावर असाच लिंपलेला थर बसतो. तपासणी सोपी: ट्रॅक्टर आचके द्यायला लागला की झाकण सैल करा. "सूऽऽ" करून हवा आत गेली आणि इंजिन सावरलं, तर दोष सापडला. झाकण डिझेलमध्ये भिजवून तारेने मोकळं करा. तसंच गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची वाट, आणि इंजिनची ब्रीदर नळीही बघून घ्या. गिअरबॉक्सचा ब्रीदर बुजला तर तापल्यावर आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो, आणि माणूस विनाकारण सील बदलत बसतो.

झाकण निर्दोष निघालं तर टाकीच्या तळाला पाणी किंवा काळी बुळबुळीत जेली असेल. वॉटर सेपरेटरची वाटी काचेच्या बाटलीत रिकामी करून अर्धा तास ठेवा, पाणी खाली बसतं. जेली दिसली तर टाकी उतरवून धुवावी लागेल; नुसते फिल्टर बदलत राहिलात तर पैसे जात राहतील.

डिझेल फिल्टर उघडला की लाइनमध्ये शिरलेली एअर काढायची. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन फेरे सैल, हॅण्ड प्राइमर मारत राहा. आधी फेस येईल, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग तेच पंपावरच्या स्क्रूला. इंजेक्टरच्या नळीची गळती बोटाने चाचपू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं.

लो_गिअर_कसारा

ऑइलबद्दल वरच्या दादांशी सहमत. फक्त एक: नवं ऑइल गवत कापून झाल्यावर टाका असं काही जण सांगतात, धुळीचं काम आधी उरकू द्या म्हणून. ऐकू नका. धूळ अडवायचं काम एअर फिल्टरचं, ऑइलचं नाही.

तिसऱ्या शंकेवर. फक्त उचलल्यावर खटखट येत असेल तर क्रॉस शाबूत असण्याची शक्यता बरीच आहे. रोटा वर गेला की शाफ्टचा कोन वाढतो, आणि एका मर्यादेपलीकडे क्रॉस गोल न फिरता झटके देतो. बांधाशी वळताना पीटीओ बंद करूनच उचला, आणि लिफ्टच्या लिव्हरला स्टॉपर असतो तो असा लावा की पाती जमिनीपासून वीतभरच उठतील.

तरी तपासून घ्या. इंजिन बंद, चावी खिशात. शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून बघा, क्रॉसपाशी खेळ जाणवतो का. कपाच्या कडेला लाल गंजाची पूड दिसली तर निडल बेअरिंग कोरडी पडलीत, क्रॉस बदला. मग शाफ्टचे दोन भाग सरकवून दोन टोकांचे, क्रॉस धरणारे दुबेळक्यासारखे यो‍क एका रेषेत आहेत ना ते बघा. सफाई करताना नळी काढून एक दात चुकवून बसवली की थरथर कायमची, नवा क्रॉसही टिकत नाही. क्रॉसला दर आठ-दहा तासांनी ग्रीस; निपलमधून जुनं काळं ग्रीस चारही कपांतून बाहेर येईपर्यंत. सरकत्या नळीलाही हात फिरवा. सर्वात लांब स्थितीतसुद्धा दोन नळ्या एकतृतीयांश तरी एकमेकींत हव्यात. प्लास्टिकचं कव्हर आणि त्याची साखळी तुटली असेल तर नवं टाका. मजुराचा गमछा शाफ्टने ओढला तर सोडवायला वेळ मिळत नाही.

रोटाचंही बघा. साइड केसच्या लेव्हल प्लगपर्यंत ९० नंबरचं गिअर ऑइल. रोटरच्या दोन्ही टोकांना गुंडाळलेली सुतळी, ठिबकची नळी, नायलॉन कापून काढा. तिथेच सील असतं, ते कापलं की ऑइल मातीत आणि माती बेअरिंगमध्ये. पात्यांचे नट एकेक पान्याने बघा. पाती बदलताना धारेची बाजू फिरण्याच्या दिशेने पुढे, डावी-उजवी आहेत तशीच. एकच नवं पातं झिजलेल्यांत घालू नका, पूर्ण संच बदला.

पार्ट शहापुरात मिळाले नाहीत तर घाट चढून नाशिकला जा. द्राक्षबागांमुळे तिकडे मिनी ट्रॅक्टर भरपूर, फिल्टर आणि क्रॉस चटकन मिळतात.

राब_आणि_वाफा

यंत्राचं बोलून झालं, कामाचा क्रम मी सांगते.

आधी गवत, आणि तेही घरापासून. घर, शेड आणि कुंपणालगत तीन-चार मीटर रुंद पट्टा अगदी उघडा करा. शेजारच्या माळावर वणवा लागला तर तोच अडवतो. सकाळी दव असताना कापा. दुपारी पातं दगडावर घासलं की ठिणगी, आणि सायलेन्सरवर बसलेला भुसा पेटायला तेवढं पुरतं. पाठीवरचा फवारणी पंप साधं पाणी भरून जवळ ठेवा. दर तासाला थांबून रेडिएटरची जाळी हाताने पुसा, काटा वर सरकायची वाट बघू नका. आत दगड, तार, जुने खुंट आहेत का ते आधी चालत बघून घ्या, आणि गवत तीन-चार बोटं राखून कापा. घाणेरी रोट्याने ओढू नका, फांद्या रोटरला वेढून बसतात. ती कुदळीने मुळासकट.

भातखाचरात आत्ता रोटा घालू नका. खाचराची माती वाळून विटेसारखी होते, रोटा वरचेवर उड्या मारतो आणि पाती मोडतात. वळवाचा एखादा पाऊस पडू द्या. मग मूठभर माती दाबून बघा: गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे. हाताला चिकटली तर आणखी थांबा. आधी फणणी करा, म्हणजे फणाने माती उकरा, मग रोटा, लो गिअरमध्ये, चार-पाच इंच खोल. मुंबईत मॉन्सूनची सरासरी तारीख ११ जून, तेव्हा मे अखेरची आठवडाभराची सवड धरून चाला.

खड्डे मात्र आत्ताच. आंब्याला १ × १ × १ मीटर, दोन खड्ड्यांत १० मीटर अंतर. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. महिनाभर ऊन खाऊ द्या. मेच्या शेवटी वरची माती, चार-पाच घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट घालून जमिनीपेक्षा थोडे उंच भरा, पहिल्या पावसात माती बसते. ऑगर (खड्डे पाडायचा गिरमिट) लावणार असाल तर मुरमात तो अडकतो. शिअर बोल्ट, म्हणजे जोर आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट, तुटला तर त्याच ग्रेडचा घाला, जाड बोल्ट घातलात की गिअरबॉक्स तुटेल.

आसनगाव_दीड_एकर

झाकणाचं भोक खरंच मातीने बंद होतं, तारेने मोकळं केलं. सकाळपासून ट्रॅक्टर न थांबता चालला. आणखी एक: लिफ्टच्या डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसतंय. आणि गवत कापताना फोर व्हील चालू ठेवायचं का?

पाना_१७_१९

दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय. गिअर लिव्हरचं रबरी बूट फाटलंय का बघा, पत्र्यातून ठिबकणारं पाणी तिथूनच उतरतं. आधी बूट, मग ऑइल. रात्रभर उभा ठेवून सकाळी ड्रेन नट अलगद सैल करा, सुरुवातीला पाणी येईल; पण तेवढ्यावर भागत नाही, सगळं ऑइल काढा आणि सक्शनची जाळी धुवा. बहुतेक मिनी ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि लिफ्टचं ऑइल एकच असतं, त्यामुळे लिटर बरेच लागतात. पुस्तकातली ग्रेड बघूनच घ्या, इंजिन ऑइल ओतू नका. पाच-सहा तास चालवून पुन्हा डिपस्टिक बघा, परत दुधाळ दिसलं तर आणखी एकदा बदलावं लागेल.

फोर व्हील ओल्या खाचरात आणि चढावर. कोरड्या कडक आवारात नको: पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेग किंचित वेगळा असतो, घसरायला माती नसली की तो ताण पुढच्या अ‍ॅक्सलच्या गिअरवर येतो, टायरही झिजतात. लिव्हर निघत नसेल तर चार पावलं रिव्हर्स घ्या, सुटेल.