सुट्टीच्या कोंडीत आडवाट घ्यावी, की मोठा रस्ता धरून राहावं?

वाटसरू:
जोडून सुट्ट्या आल्या की महामार्ग तुंबतो आणि फोनवरचा नकाशा सांगतो, 'पुढच्या फाट्याला वळा, २२ मिनिटं वाचतील.' माझं मत स्पष्ट आहे: वळू नका.

महामार्गाची एक लेन सुरळीत चालली तर तासाला साधारण २००० गाड्या पुढे जातात. आडवाटेवर गावातला एकच सिग्नल लागला आणि ९० सेकंदांच्या फेऱ्यात आपल्या बाजूला २० सेकंद हिरवा मिळाला, तर दर २ सेकंदांना एक या हिशेबाने १० गाड्या सुटतात. तासाला ४० फेरे, म्हणजे ४०० गाड्या. एका लेनमधल्या पाचांतला एक जरी वळला तरी ती वाट भरली. शिवाय नकाशाला वेग कळतो तो त्या रस्त्यावरून चाललेल्या फोनांवरून. तुमच्या दोन मिनिटं आधी जे शंभरजण वळले, त्यांचा खोळंबा त्यात अजून धड उमटलेला नसतो.

सारथी:
हिशेब बरोबर, निष्कर्ष चुकीचा. कोंडी कशाने झाली ते न बघता 'वळू नका' कसं म्हणता? टँकर आडवा होऊन रस्ता पूर्ण बंद असेल तर क्रेन येणं, सांडलेलं उचलणं, रस्ता धुणं यात तासच्या तास जातात. तोवर मोठ्या रस्त्यावरून सुटणाऱ्या गाड्या शून्य. त्यापेक्षा ४०० केव्हाही बऱ्या.

ओळखायचं कसं? पोचण्याची वेळ बघत राहा. ती दर मिनिटाला एका मिनिटाने पुढे सरकत असेल तर रांग हललेलीच नाही. दहा मिनिटं असंच चाललं, पुढचे लोक इंजिन बंद करून खाली उतरले, की समजायचं रस्ता बंद आहे. फाटा हाताशी असेल तर तिथेच वळायचं. फाटा मागे पडला की हा वाद संपलाच, कारण दुभाजक असलेल्या रस्त्यावर मागे फिरता येत नाही, आणि कडेच्या पट्टीवरून उलट जाणं म्हणजे रुग्णवाहिकेची वाट अडवणं.

वाटसरू:
रस्ता पूर्ण बंद असेल तर मान्य. पण सुट्टीतली बहुतेक कोंडी तशी नसते. रस्ता चालू असतो, अरुंद झालेला असतो. तीन लेनच्या दोन बंद झाल्या आणि मागे ३ किमी रांग लागली असं धरा. खेटून उभी गाडी पुढचं-मागचं अंतर धरून साडेसात मीटर जागा घेते. किलोमीटरला तीन लेन मिळून ४००, म्हणजे एकूण १२०० गाड्या. उरलेली लेन तासाला १५०० सोडत असेल तर पाऊण तासात तुम्ही बाहेर. आडवाटेने एवढा वेळ हमखास वाचेल, असं कोण सांगेल?

आणि काही कोंड्यांना कारणच नसतं. जपानमधल्या एका प्रयोगात २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या ताशी ३० किमीने फिरवल्या. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. ना अपघात, ना अडथळा, तरी काही वेळाने गाड्या थांबू लागल्या आणि ती थांबण्याची लाट ताशी सुमारे २० किमीने मागे सरकत राहिली. एकाने जरा जास्त ब्रेक दाबला की मागचा त्याहून जास्त दाबतो, एवढंच. अशा लाटेतून गाडी आपोआप बाहेर पडते. तिच्यासाठी फाटा शोधू नका.

चौथा गिअर:
दोघेही गाडीला विसरलात. चढावर तासभर हाफ क्लचवर सरकणं मोठ्या रस्त्यावरही महाग पडतं. प्लेट घसरत राहते, तापते आणि जळका वास येतो. पुढची गाडी हातभर हलली की लगेच हलू नका. दोन-तीन गाड्यांचं अंतर पडू द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून सरका. थांबलात की न्यूट्रल आणि हँडब्रेक. क्लचवर गाडी तोलून धरायची नाही.

दुसरं, इंजिनचं तापमान. उभ्या गाडीत रेडिएटरला वारा लागत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. त्याचा फ्यूज किंवा रिले गेला असेल तर एरवी पत्ताही लागत नाही, कोंडीतच कळतं. म्हणून निघण्याआधी इंजिन गरम होईतो चालू ठेवून पंखा फिरतो का ते बघा. वाटेत काटा मध्याच्या वर चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात, काचा खाली. उकाडा होईल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. काटा लालवर गेलाच तर कडेला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण निदान अर्धा तास तरी उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उसळून हात-तोंड भाजतं.

निळाई:
काटा चढला तर एसी बंद, हे बरोबर. पण बरेच जण इंधन वाचवायला आधीच बंद करतात, ते पटत नाही. मागच्या सीटवर तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर ऊन लागण्याचा धोका इंधनापेक्षा मोठा. पेट्रोलची छोटी गाडी एसी लावून उभी राहिली तर तासाला साधारण एक लिटर पिते. निघताना टाकी भरलेली असेल तर चिंता कसली? विजेच्या गाडीत केबिन एकदा गार झाली की एसीला सुमारे एक किलोवॉट लागतो. ५० किलोवॉट-तासाची बॅटरी असेल तर तासाला २ टक्के. 'कोंडीत चार्ज संपेल' या धास्तीने आडवाटेला लागू नका, तिथे चार्जर नसण्याचीच शक्यता जास्त.

सारथी:
निळाई, हा मुद्दा माझ्या विरोधात जातो, पण खरा आहे. तरी आडवाट सरसकट बाद करू नका. वळण्याआधी तीन गोष्टी बघा: ती वाट पुन्हा महामार्गाला कुठे मिळते, मध्ये अरुंद पूल किंवा रेल्वे फाटक आहे का, आणि उजेड किती उरलाय. एकेरी मोरीवर दोन बस समोरासमोर आल्या की दोन्हीकडे मागे गाड्या चिकटतात आणि कुणालाच मागे घेता येत नाही. मोरी असेल तर मीही वळणार नाही.

वाटसरू:
आणि वाट महामार्गाला मिळते ती जागा कोंडीच्या अलीकडेच असेल, तर तुम्ही त्याच रांगेत परत येता, तेही बाजूने घुसून. नकाशा दोन बोटांनी मोठा करून ती जागा आधी बघा.